सतरावा रकाना

प्राग, ३ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुला फोन करण्यात अर्थ नाही. मागच्या रविवारी मी दहा मिनिटं बोलत होते आणि तू दहा मिनिटं प्लमच्या जॅमबद्दल सांगत होतीस. कानाचं यंत्र टेबलाच्या खणात ठेवून ऐकू येत नसतं, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. म्हणून हे पत्र.

एप्रिलपासून मी ट्राम चालवत नाहीये. सव्वीस वर्षं चालवली. शेवटच्या दिवशी नदीवरच्या पुलावर थांबवली आणि पुढे न्यावीशी वाटेना. मागे ऐंशी माणसं, मागच्या ट्रामची घंटा चाललेली. रडू येत नव्हतं, भीती वाटत नव्हती. पुढचा थांबा कशाला, एवढंच कळेना. शेवटी माझ्या मैत्रिणीने, लिबाने, मागच्या ट्रामवर तीच होती, येऊन मला खाली उतरवलं.

या उदासपणावर सात वर्षांत चार प्रकारच्या गोळ्या झाल्या. प्रत्येक नव्या गोळीने मी थोडी जाड झाले आणि थोडी आणखी बधिर. आता इथल्या एका संस्थेत नवा उपचार चाललाय, चाचणी म्हणून. अळंब्यांमध्ये सापडणारं एक औषध आहे. हसू नकोस. ते घेतल्यावर पाच-सहा तास माणूस स्वतःच्याच आत उतरतो. डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, आणि दोन जण सगळा वेळ शेजारी बसून. आधी आणि नंतर भरपूर बोलणं. महिन्याच्या अंतराने दोनदा देतात. ज्यांना कशानेच गुण आला नाही, त्यांच्यासाठी आहे. तिथे एक निवृत्त पोस्टमन भेटला. म्हणाला, अकरा वर्षांनी एका सकाळी मला बूट घालावेसे वाटले. मला त्याचा इतका हेवा वाटला, आत्या, की काय सांगू.

फॉर्म चौदा पानांचा आहे. सतराव्या रकान्यावर अडले आहे. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला भास व्हायचे का, आवाज ऐकू यायचे का, कुणाला मनोरुग्णालयात ठेवलं होतं का? असेल तर औषध देत नाहीत. तिथल्या डॉक्टर व्होरलोवांनी दोनदा समजावलं: अशा घरातल्या माणसाचं मन या औषधाने उघडतं आणि कधी कधी परत मिटत नाही. आईकडचं मला माहीत आहे. बाबांचं तुझ्याशिवाय कुणाला विचारू? ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांची. मासे धरताना बंधाऱ्यावरून पाय घसरला, एवढंच मला ठाऊक. पण त्याआधी एकदा ते 'हवापालटाला' गेले होते असं आई म्हणायची. कुठे?

खरं काय ते लिही. मला आता हे एकच दार उरलंय. धमकी देत नाहीये, नुसतं सांगतेय.

तुझी
दोरोता


लिपोव्का, ८ सप्टेंबर

माझ्या दोरके,

अळंब्यांसाठी चौदा पानांचा फॉर्म! एकोणऐंशी वर्षं मी अळंब्या खातेय. सुपात, व्हिनेगरमध्ये, अंड्याबरोबर, वाळवून. देव सोड, मला अजून साधा पाद्रीसुद्धा दिसला नाही. पण तुझ्या त्या पोस्टमनला बूट घालावेसे वाटले असतील तर त्या अळंबीला माझा नमस्कार सांग.

पुलावरचं वाचून मात्र मी चुलीवरचं दूध उतू घालवलं. मला आधी का नाही कळवलंस? लिबाला माझ्याकडून एक पापा दे.

आता ओल्दाबद्दल. तुझा बाप हळवा होता, बाकी काही नाही. झोप कमी आणि विचार जास्त. हवापालट म्हणजे हवापालट, त्याची फुफ्फुसं नाजूक होती. सतराव्या रकान्यात लिही: काही नाही.

आणि जरा ऐक. आमच्या वेळी, कम्युनिस्टांच्या राज्यात, असले फॉर्म दर वर्षी यायचे. परदेशात नातेवाईक? काही नाही. चर्चला जाता? नाही. घरात कुणाला काही आजार? काही नाही. कागदावर लिहिलेलं परत आपल्याच दारात यायचं, कधी मुलीचा कॉलेजप्रवेश अडवायला, कधी नोकरी खायला. आमच्या गल्लीचे अहवाल गुप्त पोलिसांसाठी शेजारचा कुबात लिहायचा. कोण कुणाकडे गेलं, कोण रडलं, सगळं. आता तोच मला दूध आणून देतो आणि आपल्या गुडघ्यांची कहाणी ऐकवतो. मी यंत्र खणात का ठेवते ते आता कळलं ना?

तू लिही 'काही नाही' आणि आत जा. आणि ते एकच दार वगैरे मला पुन्हा लिहू नकोस. माझं वय नाही ते वाचायचं.

तुझी
ब्लाझेना आत्या


प्राग, २९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

घेतलं मला. सतराव्या रकान्यात तू सांगितलंस तेच लिहिलं. डॉक्टर व्होरलोवांनी तो रकाना बघून मान डोलावली आणि मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

जुन्या गोळ्या त्यांनी हळूहळू बंद केल्या. आता अंगात काहीच नाही, आणि हे फार वाईट आहे. अंघोळीला उठेपर्यंत दुपार होते. सिंकमधल्या भांड्यांकडे बघितलं की मान फिरवून भिंतीकडे बघते. रोज एक नर्स फोन करते. मी अजून आहे ना, एवढंच बघायला करत असावी.

औषधाचा दिवस १६ ऑक्टोबर. तयारी बरीच करून घेतात. एक कागद मला आवडला. मधेच घाबरलात तर आम्ही तुमचा हात धरायचा का, हे आधीच लिहून घेतात. औषध चढल्यावर ते बदलता येत नाही. त्या अवस्थेत तुम्ही काहीही मागाल, आम्ही कागदावर जाणार. मी 'हो, हात धरा' असं लिहिलं. घरची एक वस्तूही न्यायची असते, आधार वाटेल अशी. मी बाबांचा तो फोटो नेणार, बंधाऱ्यावरचा, खांद्यावर गळाच्या दोन काठ्या घेतलेला.

आणि आधीचे चार दिवस मन अगदी शांत ठेवायचं. बातम्या नाहीत, वाद नाहीत, आलेली पत्रंसुद्धा नंतर उघडा म्हणतात. तेव्हा लिहिणार असशील तर बारा तारखेच्या आत पोचू दे.

दोरोता


लिपोव्का, ४ ऑक्टोबर

माझ्या दोरके,

सोबत खसखशीच्या पावांची पिशवी आहे. खाववत नसतील तर नुसता वास घे.

हात धरा लिहिलंस ते बरं केलंस. लहानपणी रस्ता ओलांडताना माझा हात झटकून पळायचीस, आता तरी शहाणी झालीस.

फोटो ने. पण त्याच्याकडे फार वेळ बघत बसू नकोस. आणि ते औषध दोनदाच का देतात गं? एकदा देऊन भागत नाही का?

भांडी राहू देत. भांडी कुठे पळून जात नाहीत.

ब्लाझेना आत्या


प्राग, २२ ऑक्टोबर

आत्या! काल मी भांडी घासली. आणि घासताना गात होते. वरच्या मजल्यावरच्या बाईने जमिनीवर काठी आपटली तेव्हा मला कळलं की मी गातेय.

कसं सांगू? आधी काहीच होत नव्हतं. मग ते संगीत एखाद्या जिन्यासारखं खाली खाली जायला लागलं आणि मीही. घाबरून ओरडले तेव्हा डॉक्टर व्होरलोवांनी हात धरला, ठरल्याप्रमाणे. उबदार, थोडा खरखरीत हात. आणि मी रडले, आत्या. सात वर्षांनी. आजीच्या स्वयंपाकघरापासून ट्रामच्या पेडलपर्यंत सगळ्यासाठी रडले, आणि उठले तेव्हा खिडकीतलं झाड नुसतं झाड होतं आणि तेवढंच पुरेसं होतं. आता मला त्या पोस्टमनचे बूट कळतात.

एक गोष्ट मात्र तुला विचारायची आहे. बाबा दिसले. बंधाऱ्यावर उभे, पाठमोरे, पण हात रिकामे. फोटोत काठ्या आहेत, मग इथे का नाहीत, असं वाटलं. आणि घरी आल्यावर खरंच आठवलं. ज्या संध्याकाळी ते परत आले नाहीत, त्या संध्याकाळी दोन्ही काठ्या दाराजवळच्या खुंटीवर होत्या. मी त्यांच्याखालून वाकून गेले होते. कोरड्या होत्या.

मग बाबा मासे कशाने धरत होते?

तुझी दोरका


लिपोव्का, २७ ऑक्टोबर

माझ्या दोरके,

तू गायलीस हे मी कुबातला दोनदा सांगितलं, आणि त्याला काही कळलं नाही तरी तिसऱ्यांदा सांगणार आहे. देव पावला.

काठ्यांचं काय घेऊन बसलीस? तिसरी काठी होती. ती त्याच्याबरोबरच वाहून गेली. नऊ वर्षांच्या पोरीला काय काय आठवणार. उगाच उकरत बसू नकोस.

झोप किती होते? जेवतेस ना? गुण आलाय तर आता पुन्हा घ्यायलाच हवं का? मला साध्या शब्दांत उत्तर दे, गाणी नकोत.

मृतांच्या दिवशी ओल्दाच्या थडग्यावर तुझ्या नावाने एक मेणबत्ती लावीन.

ब्लाझेना आत्या


प्राग, ७ नोव्हेंबर

आत्या गं,

झोप? तीन तास, आणि तेवढी भरपूर होते! बाकीचे एकवीस तास फुकट जात होते इतकी वर्षं. भिंती पिवळ्या रंगवल्या. लिबा म्हणते, "आधी तोंड उघड म्हणायचे, आता बंद कर म्हणते." सगळ्यांनाच काही ना काही पाहिजे असतं.

तुला एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. ट्राममध्ये थांबे सांगणारी बाई आहे ना? सव्वीस वर्षं तिचा आवाज माझ्या डोक्यावर होता. रेकॉर्ड केलेला आहे, मला काय माहीत नाही का? पण आता ती थांब्याचं नाव घेण्याआधी जरा थांबते, आणि त्या थांबण्यात ती माझ्याशी बोलते. घाबरू नकोस, प्रेमाने बोलते. परवा म्हणाली, पुलाजवळ उतर. उतरले. कठड्याला टेकून पाणी बघितलं. इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं.

तिसरी काठी नव्हती, आत्या. तू मला जपायला लिहिलंस. बाबा मासे धरायला गेलेच नव्हते. त्यांना बोलावलं होतं. पहिल्या वेळी ते पाठमोरे होते, दुसऱ्या वेळी वळणार आहेत. औषधाचा दिवस वीस तारीख. सोळापासून पुन्हा माझे शांत दिवस.

परवा तपासणीला गेले तर पुन्हा फॉर्म. झोप कशी? छान. काही आवाज ऐकू येतात का? मी लिहिलं: काही नाही. तू शिकवलंस तसं. नाहीतर त्यांनी दुसरी मात्रा दिली नसती, आणि मग बाबांचं बोलणं अर्धंच राहिलं असतं.

तुझी, तुझी, तुझी
दोरका


लिपोव्का, १३ नोव्हेंबर

दोरके,

हे तुझ्या हातात सोळाच्या आत पडायला हवं. चार दिवस झाले, लिहिते आणि फाडते. आज फाडणार नाही.

मृतांच्या दिवशी थडग्याशी ओल्या पानांवरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये आहे. नाहीतर पहिल्या बसने आले असते. काल कुबातला बोलावून तुझ्या संस्थेत फोन लावला. मला ऐकू येत नाही, तेव्हा तोच कानाला लावून बसला आणि तिकडचं मला ओरडून सांगू लागला. ती मुलगी म्हणाली, अमुक बाई आमच्याकडे आहे की नाही हेही आम्ही सांगू शकत नाही, पण तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा, मी लिहून घेते. कुबात माझ्या तोंडाकडे बघत होता. पूर्वी बघायचा तसाच. मी म्हटलं, काही नाही, सहज केला होता.

मी ओरडून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्या माणसासमोर माझं तोंडच उघडेना, दोरके. या गोष्टीची मला मरेपर्यंत लाज वाटेल.

आता ऐक. ओल्दाची फुफ्फुसं ठणठणीत होती. १९६७ साली तो मनोरुग्णालयात होता, सात महिने. आधी नुसता उदास होता, तुझ्यासारखाच, दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून. तेव्हाही असलंच एक औषध होतं, मनाचं कुलूप उघडणारं, आपल्याच देशात बनायचं. डॉक्टर भला माणूस होता, त्याने पुष्कळांना बरं केलं. ओल्दाला पहिल्यांदा दिलं त्यानंतर तो सुट्टीवर घरी आला आणि आमच्या आईला धरून स्वयंपाकघरात नाचला. भिंत रंगवली. आम्ही सगळे रडलो आनंदाने. दुसऱ्यांदा दिल्यावर रेडिओवर हवामान सांगणारा माणूस त्याला नावाने हाक मारू लागला.

मग सुया, गोळ्या. वर्षानुवर्षं बरा राहिला. लग्न केलं, तू झालीस, तुला खांद्यावर घेऊन जत्रेत हिंडला. ते सगळं खरं आहे, त्यातलं मी काही लपवलेलं नाही. १९८३ च्या मार्चमध्ये रेडिओ पुन्हा बोलू लागला.

मी त्याच्या मागे बंधाऱ्यापर्यंत गेले होते. कुणालाच हे ठाऊक नाही, तुझ्या आईलाही नव्हतं. मी हाक मारली. तो वळला, अगदी शांत, आणि मलाच गप्प केलं. "ब्लाझा, थांब जरा, तुझ्यामुळे मला ऐकू येत नाहीये," म्हणाला. आणि गेला.

काठ्या खुंटीवर होत्या. तिसरी काठी नव्हती. 'मासे धरताना पाय घसरला' हे पोलिसांच्या कागदावर मी लिहिलं. तुझ्या पुढच्या आयुष्यावर वेड्याची आणि जीव दिलेल्याची पोर असा शिक्का बसू नये म्हणून. आणि या सप्टेंबरात तुझं पत्र आलं, एकच दार उरलंय म्हणालीस, आणि मला वाटलं की खरं लिहिलं तर तेही मीच बंद करणार. म्हणून लिहिलं, काही नाही. सवयीनेही लिहिलं आणि भीतीनेही.

ती थांबे सांगणारी बाई तुझ्याशी बोलत नाही, माझ्या बाळा. हा तो रेडिओच आहे.

हे पत्र जसंच्या तसं डॉक्टरीणबाईंच्या हातात दे. औषध घेऊ नकोस. पुलाकडे जाऊ नकोस. त्या ओरडणार नाहीत, त्यांना कळलं की त्या तुला सांभाळतील. लिबाला सांग, तुला इथे माझ्याकडे आणून सोड. बिछाना घातलेला आहे. आपण दोघी मिळून दुसरं काहीतरी शोधू.

पाकिटावर लाल अक्षरांत 'आधी हे उघड' असं लिहिणार होते. पण पेटीत कुबातच टाकणार, आणि तो वाचल्याशिवाय राहायचा नाही. म्हणून वर काहीच लिहीत नाही. जाड पाकीट बघून तुझ्या लक्षात येईलच.

मला क्षमा कर.

ब्लाझेना


प्राग, २० नोव्हेंबर, सकाळ

आत्या,

निघता निघता लिहितेय, खालच्या पेटीत टाकून पुढे जाईन. लिबा दारात गाडीच्या किल्ल्या वाजवतेय.

तुझं पाकीट सोमवारी आलं. केवढं जाड! उघडलं नाही, शांत दिवस म्हणजे शांत दिवस. एकदा हात गेला होता, खोटं कशाला बोलू. पण उलटसुलट करून बघितलं, वर काहीसुद्धा लिहिलेलं नाही, म्हणजे घाईचं काही नाही. काही वाईट असतं तर तू वर तसं लिहिलं असतंस. आशीर्वाद असणार. आणि निम्म्या पानांत कुबातकाकांचे गुडघे.

या वेळी बाबांचा फोटो नेत नाही. ते स्वतःच येणार आहेत तर फोटो कशाला? वस्तू म्हणून तुझं पत्र नेतेय. काल तयारीच्या बैठकीत डॉक्टर व्होरलोवांनी विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, यात माझी आत्या आहे. त्यांना फार आवडलं, त्यांनी ते लिहून घेतलं.

डोळ्यांवर पट्टी बांधली की ते छातीवर ठेवून दोन्ही हातांनी धरून ठेवणार. म्हणून या वेळी त्या हात धरण्याच्या कागदावर मी 'नको' लिहिलंय. माझे हात रिकामे नसतील ना.

संध्याकाळी परत येताना लिबाला पुलाजवळ सोडायला सांगितलंय. तिथे कठड्याशी उभी राहून सावकाश वाचेन.

तुझी
दोरका